सायलेन्सर, जेट आणि रूप-आशयाचा प्रश्न

रूप आणि आशय यांच्यातील नात्याचा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. दर वर्षी तो वर्गात शिकवला जातो, परीक्षेत विचारला जातो आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बांधून ठेवला जातो. आम्हीही तो बरीच वर्षे शिकवीत आलो. त्याच्याकडे पुन्हा गंभीरपणे पाहण्याची वेळ आमच्यावर आली ती नागपुरातील सक्करदरा चौकाजवळच्या एका मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात. आमच्या जुन्या गाडीचा सायलेन्सर आणि तिच्या कार्बोरेटरमधील जेट यांचे जमत नव्हते. त्या भांडणाबद्दल आम्हांला येथे काही मांडायचे आहे.

गाडी पल्सर २२०, साल २०१०. या गाडीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. बजाज ऑटोने २००७ साली ती इंधन-इंजेक्शनसह आणली, २००९ साली इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवला आणि २०२० साली बीएस-६ मानके लागू झाल्यावर पुन्हा इंजेक्शनकडे वळवली. त्यामुळे आमची गाडी मधल्या कार्बोरेटरच्या काळातली. तिला आम्ही हौसेने बाजारातला मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर लावून घेतला होता. लावून देणाऱ्या दुकानाने कार्बोरेटरला हातही लावला नाही, आणि आम्हीही काही विचारले नाही. आवाज भारदस्त झाला. काही आठवड्यांतच गाडी मधल्या वेगात अडखळू लागली, इंजिन वाजवीपेक्षा तापू लागले, आणि रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके फुटू लागले. हे फटाके ऐकून शेजारची मुले खूश होत असत. खरे सांगायचे तर आम्हीही होत असू.

सक्करदऱ्याच्या मिस्त्रींनी गाडी चालू केली, रेस दिली, सोडली, दोन मिनिटे कान देऊन ऐकले आणि म्हणाले, "सर, आवाज तं बदलला, पन खुराक तोच हाय तिचा. भूक वाढवली अन् जेवन तेवढंच ठेवलं. मंग गरम नाही होईन तं काय?"

या दोन-तीन वाक्यांत सगळे शास्त्र आले आहे. इंजिन हे श्वास घेणारे यंत्र आहे. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. पूर्ण शक्ती हवी असेल तर मिश्रण याहून थोडे दाट, म्हणजे १३ च्या आसपास लागते. मोकळा सायलेन्सर जळालेला वायू लवकर बाहेर जाऊ देतो, त्यामुळे आत ताजी हवा अधिक येते. पण पेट्रोल ज्या भोकातून येते ते भोक, म्हणजे जेट, तेवढेच राहते. कारखान्याने प्रदूषणाच्या नियमांपायी मिश्रण आधीच विरळ ठेवलेले असते, ते आणखी विरळ होते. विरळ मिश्रण सावकाश आणि अपुरे जळते. जे जळायचे राहते ते रेस सोडल्यावर तापलेल्या नळीत पेटते, आणि तोच तो फटाका. ज्याला आम्ही अलंकार समजत होतो ते आजाराचे लक्षण होते.

कार्बोरेटरमध्ये जेट एकच नसते. गाडी उभी असताना आणि रेस अगदी थोडी असताना पायलट जेट काम करते. मधल्या टप्प्यात निमुळती सुई वर-खाली होऊन पेट्रोल मोजते. रेस पूर्ण पिळली की मेन जेटचा अंमल सुरू होतो. म्हणून गाडी कुठे अडखळते हे सांगितल्याशिवाय "कार्बोरेटर बिघडला" या वाक्याला अर्थ नसतो. एखादी कादंबरी "फसली" असे म्हणणाऱ्या समीक्षकाला ती आरंभी फसली, मध्यावर की शेवटी, हे विचारावे लागते, तसेच हे आहे. गंमत अशी की पीयूसीच्या केंद्रावर दुचाकीचा धूर गाडी उभी ठेवून मोजतात. तिथे परीक्षा होते ती प्रामुख्याने पायलट जेटची. मेन जेटचा त्यात प्रश्नच येत नाही. पहिल्या पानावरून पुस्तकाचा अभिप्राय लिहिणारे परीक्षक केवळ आमच्याच क्षेत्रात आहेत असा आमचा समज होता, तो दूर झाला.

मिस्त्रींनी मेन जेट दोन पायऱ्या मोठे घातले आणि सुई किंचित उचलण्यासाठी तिच्या डोक्याखाली पातळ वॉशर दिला. जेटवरचे आकडे पाहून आम्ही काही विचारणार, तोच त्यांनी बजावले की एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या जेटला लावायचा नाही. कुणी भोकाचा व्यास लिहितो, कुणी त्यातून वाहणाऱ्या पेट्रोलचे माप. मग पहाटे, उमरेड रोड मोकळा असताना, ते दिघोरीच्या पुढपर्यंत गेले, भर वेगात इंजिन बंद केले, गाडी कडेला घेतली आणि प्लग काढून पाहिला. प्लगचे टोक पांढरे असेल तर मिश्रण विरळ, काजळी असेल तर दाट, चहाच्या रंगाचे असेल तर ठीक. पहिल्या खेपेला ते पांढुरके निघाले, तिसऱ्या खेपेला चहाच्या रंगाचे.

सक्करदरा चौकात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थ्यांना योगरत्नाकरातील अष्टविध परीक्षा शिकवतात: नाडी, मूत्र, मल, जिह्वा, शब्द, स्पर्श, दृक् आणि आकृती. आमच्या मिस्त्रींनी ही यादी वाचलेली नाही. तरी त्यांचे प्लग पाहणे ही जिह्वापरीक्षा होती, कान देणे ही शब्दपरीक्षा, इंजिनाजवळ तळहात नेणे ही स्पर्शपरीक्षा, धुराचा रंग पाहणे ही मलपरीक्षा. ऋतूचे भानही वैद्यासारखेच. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो आणि जानेवारीत पहाटे १० अंशांच्या आसपास येतो. या दोन टोकांत हवेची घनता सुमारे एक दशांशाने बदलते. भर उन्हाळ्यात बेतून बसवलेली गाडी हिवाळ्यात विरळ पडते, आणि सखल नागपुरातली गाडी चिखलदऱ्याला चढली की दाट होते. एकच पाठ सर्व ऋतूंत आणि सर्व उंचीवर सारखाच वाचला जात नाही, हे सिद्धान्ताच्या भाषेत आम्ही किती वेळा सांगितले असेल! येथे ते पितळेच्या एका तुकड्यातील भोकाने सांगितले.

मोकळ्या सायलेन्सरचा हट्ट टू-स्ट्रोक गाड्यांत अधिकच घातक ठरतो. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे विकली गेलेली यामाहा आरएक्स १०० आजही तरुणांच्या मनात घर करून आहे. ९८ सीसीच्या त्या गाडीची ११ अश्वशक्ती पुष्कळशी तिच्या नळीच्या आकारात आहे. टू-स्ट्रोकमध्ये नळीच्या निमुळत्या भागावरून परतणारी दाबाची लाट निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. हे तंत्र पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात परिपक्व केले. त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर १९६१ साली स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला, ते ज्ञान सुझुकीकडे गेले, आणि १९६२ साली ५० सीसीचे जगज्जेतेपद सुझुकीने मिळवले. ज्या आकारासाठी देशांतर झाले, त्या नळीतली जाळी आपल्याकडे केवळ आवाजासाठी उपटून फेकली जाते. छंद कळण्याआधी छंदमुक्त होणाऱ्या कवींची येथे आठवण झाल्यास तो दोष आमचा नाही.

आता कायद्याविषयी. १७५ सीसीवरील मोटारसायकलींसाठी २००५ पासून निर्मितीच्या टप्प्यावर ८० डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली स्पष्ट केले. पोलीस मोठ्या आवाजाचे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवतात, याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहतो. आमचे मत कायद्याच्या बाजूचे आहे. वॉर्डात झोपलेल्या रुग्णाला आमच्या हौसेशी कर्तव्य नसते. तरीही रोडरोलरने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो, हे नमूद केले पाहिजे. तो आवाज चिरडतो. ऐकण्याची सवय लावत नाही. आपल्याला नको असलेले पुस्तक जप्त झाले म्हणून वाचकाची अभिरुची सुधारत नाही.

म्हणूनच आमच्या गाडीचे शेवटी काय झाले ते सांगितले पाहिजे. तिसऱ्या खेपेनंतर ती सुरेख चालू लागली. पिकअप थोडा वाढला, फटाके थांबले. पण तो लाभ एवढा लहान होता, आणि आवाज एवढा मोठा, की आम्ही मिस्त्रींना मूळ सायलेन्सर आणि मूळ जेट परत बसवायला सांगितले. ते हसले. "हेच म्हनत होतो जी पहिल्या दिवशी. पन तुमाले ऐकाचं नवतं." हे त्यांनी पहिल्या दिवशी म्हटले होते हे खरेच आहे. मूळ जेटही त्यांनी आधी साफ केले, तेव्हा त्यात साचलेला राळेसारखा थर निघाला. अनेक जुन्या गाड्यांची खरी सुधारणा एवढीच असते: जे होते ते मोकळे करणे.

मर्ढेकरांनी सौंदर्याच्या विचारात संवाद, विरोध आणि समतोल ही तीन लयतत्त्वे मांडली. त्यांच्या कवितेत यंत्र आले ते मुख्यतः माणूसपण हरवल्याची खूण म्हणून, आणि त्यानंतर मराठी साहित्यात यंत्राची ती प्रतिमा जवळजवळ रूढ झाली. तिची सत्यता आम्ही नाकारीत नाही. परंतु समतोलाचे तत्त्व यंत्रातही राबवले जाते, आणि ते राबवणारा माणूस अधिक संवेदनक्षम होतो, ही बाजू आमच्या वाङ्मयात फारशी आली नाही. पर्सिगचे मोटारसायकल देखभालीवरचे १९७४ सालचे पुस्तक आमचे विद्यार्थी तत्त्वज्ञान म्हणून वाचतात. चौकातल्या गॅरेजकडे मात्र त्या नजरेने पाहत नाहीत.

आणि वेळ थोडा आहे. एप्रिल २०२० नंतरच्या नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जवळजवळ उरलेला नाही. इंजेक्शनच्या गाडीत संवेदक हवा मोजतात आणि संगणक पेट्रोल ठरवतो. ते अधिक स्वच्छ आहे, योग्यही आहे. त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. पण "गाडी मिसिंग करते", "हवा घेते", "पेट्रोल मारते" हे शब्द, आणि त्या शब्दांमागचे कान, डोळे व तळहात, पुढच्या पिढीपर्यंत आपोआप पोचणार नाहीत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा'त बलुतेदारांचे व्यवहार नोंदवून ठेवले, म्हणून ते आज आम्हांला वाचता येतात. नागपूरच्या बोलीवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी एखादा महिना सक्करदऱ्याच्या गॅरेजमध्ये वही घेऊन बसावे, अशी आमची सूचना आहे. मिस्त्री सकाळी दहाला दुकान उघडतात. बोलतात थोडे, पण विचारल्यावर सांगतात.