ऱ्या नावाची फाईल

‘चला दर्याखोर्यांत!’ गिर्यारोहण शिबिराचं पत्रक या आठवड्यात हाती पडलं, त्यावर ही ठसठशीत हाक. गिर्यारोहणातला रफार मात्र चोख. म्हणजे रफार कुठे द्यायचा हे पत्रकाला ठाऊक आहे, कुठे द्यायचा नाही एवढंच ठाऊक नाही.

ज्यांनी पत्रक जुळवलं त्या डीटीपीवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, “साहेब, माझ्याकडे बरोबर होतं, डिझाईनमध्ये टाकताना बिघडलं.” आणि ते खरं निघालं. त्यांच्या डेस्कटॉपवर ‘ऱ्या’ नावाची एक फाईल आहे. तीत ऱ्या, ऱ्हा, ॲ, ॐ आणि रुपयाचं चिन्ह अशी मंडळी ओळीने बसलेली. लागेल तेव्हा फाईल उघडायची, हवं ते अक्षर माऊसने रंगवायचं, कॉपी, पेस्ट. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर ऱ देणारी शिफ्ट-जे ही कळ त्यांनी कधी दाबलेलीच नव्हती. या स्तंभाचे जुने वाचक आता कपाळाला हात लावतील, पण मी काय करू? कळही तीच आणि रडगाणंही तेच.

फाईलमधला ऱ्या दिसायला निर्दोष होता. आत मात्र साधा र, हलन्त, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य अशी मोट बांधलेली. हे जोडचिन्ह, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मजकूर साफ करणारी एखादी व्यवस्था त्याला कचरा समजून झाडून टाकते. ते गेलं की उरतं र, हलन्त, य, आणि र टुणकन उडी मारून डोक्यावर बसतो. दऱ्यांचा दर्या झाला तो असा. शिफ्ट-जे दाबून येणारा ऱ हे युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक असलेलं वेगळं अक्षर आहे, ०९३१. त्यातून झाडून टाकण्यासारखं काही नसतंच.

कीबोर्डमुळे अक्षरं बिघडण्याचं फ्रेंच लोकांचं उदाहरण यापूर्वी ओझरतं दिलं होतं, आज ते नीट उलगडतो. त्यांच्या कीबोर्डवर डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ई दोनच्या कळीवर थेट मिळतो. मोठा ई हवा म्हणून शिफ्ट दाबावी, तर येतो आकडा दोन. विंडोजवर त्यासाठी आल्ट धरून आकड्यांच्या कळांवर ०२०१ बडवायचं. एवढे कष्ट कोण घेतो? म्हणून मोठ्या अक्षरांवरच्या रेघा सर्रास गाळल्या गेल्या. टाईपरायटरच्या काळापासून ती सवय होतीच. त्यांची अकादमी बजावत राहिली की मोठ्या अक्षरावरची रेघही शुद्धलेखनाचाच भाग आहे, आणि लोक गाळत राहिले. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयानेच जाहीर केलं की देशात विकल्या जाणाऱ्या कीबोर्डवर शुद्ध फ्रेंच लिहिणं जवळजवळ अशक्य आहे. मानकं ठरवणाऱ्या आफ्नोर या संस्थेला काम दिलं गेलं आणि एप्रिल २०१९ मध्ये नवा कीबोर्ड कागदावर आला. मोठी रेघवाली अक्षरं, त्यांची अवतरणचिन्हं, सगळं त्यात आहे. सक्ती नसल्यामुळे दुकानांत जुनाच कीबोर्ड अजून सर्रास विकला जातो, ती गोष्ट वेगळी.

त्या ईच्याही युनिकोडमध्ये दोन घडणी आहेत: एक अखंड अक्षर, दुसरी साधा ई आणि वर चिकटवलेली रेघ. पण युनिकोडने या दोन्ही एकच असल्याचं ठरवून दिलंय, त्यामुळे यंत्राला त्या जुळवून घेता येतात. आपल्या ऱ लाही र आणि खाली नुक्ता अशी पर्यायी घडण आहे आणि तीही समान मानली जाते. अदृश्य जोडचिन्हाचा ऱ्या मात्र या समानतेत बसत नाही. व्हिमसारख्या एडिटरमध्ये एका घडणीचा ऱ्या शोधा, दुसऱ्या घडणीचा सापडायचा नाही. डोळ्यासमोर शब्द दिसतोय आणि यंत्र म्हणतंय, नाही!

आता आपली बाजू. फ्रेंचांकडे कळ नव्हती म्हणून सरकार हललं. आपल्याकडे इनस्क्रिप्टचा आराखडा १९८६ चा, १९९१ मध्ये तो भारतीय मानकात गेला. ऱ ला शिफ्ट-जे वर जागा आहे आणि मराठी इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये फुकट येतो. तरी कळ कुणाला माहीत नाही! २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, ढोल वाजले, कळ काही कुणी दाखवली नाही. याला जबाबदार रोमन लिपीतून मराठी टाईप करायची चटक, असं माझं ठाम मत आहे. पुरावा मागू नका, छापील पत्रकं वाचा.

इनस्क्रिप्ट शिकायचंच नसेल त्यांनी वर्डमध्ये ०९३१ लिहून आल्ट-एक्स दाबावं. आकडे मात्र इंग्रजी हवेत. व्हिमवाल्यांनी इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-व्ही, मग यू, मग तेच चार आकडे. व्हिममध्ये दोन कळांत एक अक्षर देणारे डायग्राफ असतात, १९९२ च्या एका तक्त्यावर बेतलेले. त्यात अरबी आहे, रशियन आहे, जपानी काना आहे, देवनागरी नाही. तिथे कुणाची वाट बघायची गरज नाही: डायग्राफच्या आज्ञेपुढे दोनदा आर आणि २३५३ लिहिलं की झालं. (०९३१ ही सोळाच्या पायातली संख्या, दहाच्या पायात ती २३५३ होते.)

डीटीपीवाल्यांच्या फाईलमधला ॲ देखील तपासला. युनिकोडने या अक्षराला २००८ मध्ये वेगळी जागा दिली, फाईलमध्ये मात्र अ वर चंद्र ठेवून भागवलेलं. त्याचा हिशेब पुढच्या आठवड्यात.

– बोरूबहाद्दर