गर्भिणीचीं स्वप्नें

आमच्या सोनपेठेंत परवां एका परिचित घरीं आम्हांस पंचांगासह पाचारण झालें. धाकट्या सुनेस आठवा महिना. स्वप्नांत तिचें तान्हें पाण्यांत वाहून गेलें होतें. सासूबाई शांति करवावी म्हणत, आणि सून चार रात्री भयानें जागीच. आम्ही पंचांग उघडलें नाहीं. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानांत स्वप्नांचे सात प्रकार असून पाहिलेलें, ऐकलेलें, अनुभवलेलें, इच्छिलेलें व कल्पिलेलें हे पांच निष्फळ मानले आहेत. तेवढा भाग अर्थासह वाचून दाखविला. घरांत गोदेच्या पुराच्या गोष्टी रोज निघत होत्या, हेंही विचारतां कळलें! या दिवसांत झोंप वारंवार मोडते, म्हणून स्वप्नें अधिक स्मरतात.

उताणें निजूं नये, असें चरक सांगतो. आजचे डॉक्टरही 28 व्या आठवड्यापासून कुशीवर निजावयास सांगतात. त्याचें कारण नाळेचें, यांचें रक्तवाहिनीवरील दाबाचें. गुडघ्यांमध्यें उशी घ्यावी, सायंकाळचा चहा सोडावा. स्वप्न पडलेंच तर सकाळीं बोलून टाकावें. ऐकणाऱ्यानें फल सांगूं नये. मात्र झोंप रोजच उडत असेल किंवा पंधरवडाभर मन खिन्न राहील, तर डॉक्टरीणबाईंस दाखवावें.

त्या रात्रीं सासूबाईंनीं सुनेस आपल्याजवळ निजविलें, असें ऐकतों.