चालतोय म्हणून ठेवलेला पंप

स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्यांमधला एक जुना वाद अजून मिटलेला नाही. वॉटर पंप बिघडायच्या आधीच बदलावा, की बिघडेपर्यंत थांबावं? थांबा म्हणणाऱ्यांचं सांगणं साधं असतं : चालतंय ते चालू द्या, धड असलेल्या इंजिनाला हात लावू नका. मी या मताच्या विरोधात आहे. पण हा पूर्वपक्ष आळशी माणसांचा नाही. त्याच्यामागे भक्कम पुरावा उभा आहे आणि तो आधी मांडायलाच हवा.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडकडे जर्मन पाणबुड्यांचा माग काढणारी विमानं होती. कॉनरॅड वॉडिंग्टन हे मुळात जीवशास्त्रज्ञ; त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विमानांच्या बिघाडांच्या नोंदी तपासल्या. ठरावीक तासांनी होणाऱ्या देखभालीनंतर बिघाड कमी व्हायला हवे होते. नोंदी उलटं सांगत होत्या. देखभाल झाली की लगेच बिघाड वाढत आणि मग हळूहळू उतरत. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. त्यांनी अभ्यासलेल्या विमानातल्या भागांपैकी ८९ टक्के भागांना वयाची मर्यादा घालून काही फायदा होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे दोन दाखले हाताशी असलेल्या माणसाला ‘पंप बदल’ म्हणणं सोपं नाही.

मात्र तोच अहवाल पुढे वाचावा लागतो. वयाचा परिणाम न दिसणारे भाग बहुतेक गुंतागुंतीचे, अनेक कारणांनी बिघडणारे होते. एकाच ठळक कारणाने झिजणारे साधे भाग वयाप्रमाणे झिजतात आणि त्यांना मर्यादा घालणं योग्य ठरतं, हेही त्याच अहवालात आहे. शिवाय नोलन-हीप यांची सगळी मांडणी एका प्रश्नावर उभी आहे : हा भाग गेला तर काय होईल? थांबा-पक्ष ८९ टक्क्यांचा आकडा उचलतो आणि हा प्रश्न तिथेच सोडून देतो. माझा आक्षेप नेमका त्यावर आहे.

आता पंपाकडे बघू. एक शाफ्ट, सीलबंद बेअरिंग, पाणी ढकलणारा पंखा आणि कूलंटला बेअरिंगपासून दूर ठेवणारं सील. सीलचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर घासत फिरतात आणि त्यांना वंगण म्हणून कूलंटचाच पातळ थर मिळतो. म्हणजे झीज अटळ आहे. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं संपली की ती वाढते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर हे पृष्ठभाग कोरडे पडतात, चिकटतात आणि पहिल्याच फेरीत खरवडले जातात. ‘माझी गाडी फार चाललीच नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. रविवारीच बाहेर निघणाऱ्या गाडीचा पंप किलोमीटरवर मोजता येत नाही, वर्षांवरच मोजावा लागतो.

दुसरा युक्तिवाद काट्याचा : तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवू, चढला की थांबू. पण कूलंट निघून गेलं की सेन्सर वाफेत किंवा हवेत लटकतो आणि काटा चढण्याऐवजी खालीही येऊ शकतो. तेवढ्यात ॲल्युमिनियमचं हेड वाकलेलं असतं आणि हेड गॅस्केट उडालेलं असतं. काटा पाण्याचं तापमान दाखवतो. पाणीच उरलं नाही तर तो काय दाखवणार?

या वादाचा कस पोर्शं ९४४ वर लागतो. १९८२ ते १९९१ या काळात बनलेली ही गाडी. तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टच्या पाठीवर फिरतो. हाच बेल्ट क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टची वेळ जुळवून ठेवतो. ती जुळणी सुटली तर पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आदळतात, अशीच या इंजिनाची रचना आहे. पंपाच्या बेअरिंगमध्ये ढिलाई आली की पुली डुलते आणि बेल्ट कडेला सरकतो. सील गळलं की बेल्टवर कूलंट पडतं. बेअरिंग जाम झालं तर बेल्टचे दातच सोलले जातात. तिन्ही वाटांनी शेवट एकच : वाकलेले वॉल्व्ह आणि उतरवलेलं हेड. शिवाय हे सगळं कव्हरच्या आत घडतं. बॉनेट उघडून ते दिसत नाही. इथे थांबणं म्हणजे एका बेअरिंगच्या भरवशावर सगळं इंजिन पणाला लावणं. पंप सुस्थितीत असला तरीही ते चूकच आहे, कारण बेल्ट काढला की पंपापर्यंतची बरीचशी मजुरी आधीच दिलेली असते. (चाकणला बनलेल्या १.५ लिटर डिझेल पोलोतही पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, तेव्हा हा प्रश्न फक्त पोर्शंवाल्यांचा नाही.)

पोर्शंच्याच बॉक्स्टरची गोष्ट वेगळी. १९९६ मध्ये आलेल्या पहिल्या बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे आहे आणि तिचा पंप बाहेरच्या पट्ट्यावर, आल्टरनेटरच्या सोबतीने फिरतो. तो गेला म्हणून वॉल्व्ह वाकत नाहीत. पण त्याचा पंखा प्लॅस्टिकसारख्या मिश्र द्रव्याचा असतो. पाती तुटली तर बाहेर एक थेंबही न गळता तुकडे इंजिनातल्या अरुंद पाणवाटांत जाऊन बसतात. नवा पंप बसवल्यावरही ते तिथेच राहतात आणि त्या जागी इंजिन तापत राहतं. यावर काही जण धातूच्या पंख्याचा उपाय सांगतात. तो मला अपुरा वाटतो. या इंजिनात पंखा थेट क्रँककेसमध्ये कोरलेल्या पोकळीत फिरतो. बेअरिंग ढिलं झालं तर धातूची पाती त्या पोकळीची भिंतच खरवडतात. पंखा कशाचाही घ्या, वेळेवर बदलणं टळत नाही.

थांबणं जिथे रास्त आहे तेही सांगतो. माझ्‌दाची पहिल्या पिढीची एमएक्स-५ घ्या. तिथे टायमिंग बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि वॉल्व्ह एकमेकांना भिडत नाहीत, आणि पंप फिरवणारा पट्टा वेगळा आहे. पंपाच्या निचऱ्याच्या भोकाखाली सुकलेल्या कूलंटचे डाग दिसेपर्यंत वाट पाहणाऱ्या मालकाला मी दोष देणार नाही. मात्र पंप काढायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, म्हणून बेल्टच्या वेळीच तो बदलणं खिशाला परवडतं. एवढंच कारण तिथे पुरे.

‘दर चार वर्षांनी सगळ्या गाड्यांचे पंप बदला’ असा सरसकट नेम सांगणाऱ्यांच्या पंगतीलाही मी बसत नाही. वॉडिंग्टन यांचा इशारा खरा आहे. कूलिंग सिस्टीम उघडली की हवा अडकते, गॅस्केटची बैठक चुकते, ॲल्युमिनियममध्ये रुतलेले बोल्ट तुटतात. पुन्हा बांधून विकलेले पंप सारखे निघत नाहीत. पण हा इशारा काम नीट करा असं सांगतो. करूच नका असं सांगत नाही. बॉक्स्टरसारख्या लांब पाइपांच्या गाडीत कूलंट व्हॅक्यूम लावून भरावं. ९४४ मध्ये नव्या बेल्टचा ताण सुमारे तीन हजार किलोमीटरनंतर पुन्हा तपासावा. पहिल्या काही फेऱ्यांत पातळी रोज पाहावी. नव्या कामातला दोष बहुधा तेव्हाच उघड होतो, घरापासून लांब नसताना.

म्हणून माझा निर्णय असा. पंपाची तारीख पंपाच्या तब्येतीवर ठरवू नये, तो जाताना सोबत काय नेईल यावर ठरवावी. ९४४ मध्ये बेल्ट सुमारे ७२,००० किलोमीटरला बदलत असाल, तर प्रत्येक वेळी पंपही बदला. वर्षं मोजून लवकर बेल्ट बदलत असाल, तर एका पंपाला दोनच बेल्ट द्या. तिसरा बेल्ट जुन्या पंपावर कधीच चढवू नका. बॉक्स्टरमध्ये पाचेक वर्षं झाली असतील आणि सीटमागचं पॅनल दुसऱ्या कामासाठी उघडलं असेल, तर त्याच दिवशी पंप उरकून घ्या.

आणि जुनी ९४४ नुकतीच विकत घेतली असेल, पण पंप बदलल्याचं बिल कागदांत सापडत नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा. बेल्ट आणि पंप दोन्ही नवे होईपर्यंत ती गाडी चालवू नका; गॅरेजपर्यंतही टो करूनच न्या.