आरोग्यचर्चा : कोनाड्यांतील पंप

नंदुरबारास जावें आणि मिरचीच्या पथाऱ्या पाहिल्यावांचून परतावें, असें आमच्या हातून कधीं घडलें नाहीं. यंदा मात्र आमचें लक्ष मिरचीच्या ठसक्यापेक्षां एका स्नेह्यांच्या घरांतील खोकल्याकडे अधिक लागलें.

ह्या घरच्या काकू आतां सत्तरीच्या पलीकडे गेल्या आहेत. विडीकाडीशीं त्यांचा जन्मांत संबंध आला नाहीं. परंतु घरांत गॅस येण्यापूर्वीं पंचवीसएक वर्षें पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या ह्यांच्या धुरांत, फुंकणी हातीं धरून, त्यांनीं वीस माणसांचा स्वयंपाक केला. त्या धुराचा हिशेब आतां त्यांची छाती देत आहे. डॉक्टरांनीं विकाराचें नांव सीओपीडी असें सांगितलें. ह्यांत श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. हा रोग धूम्रपान करणारांचाच, अशी समजूत पुष्कळ दिवस होती. धूम्रपान न करणारांतही तो किती आढळतो आणि त्यांत चुलीच्या धुराचा वांटा केवढा आहे, हें पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स ह्यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें विस्तारानें मांडलें. धडगांव-अक्कलकुव्याकडील पाड्यांतून चूल अजून पेटते. तेथील बायांच्या खोकल्याचें नांव तरी कोणी विचारीत असेल काय, हा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

काकूंना यंत्रांत फुंकावयास सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "जन्मभर फुंकलें, आणखी किती फुंकूं?" जोरानें फुंकल्यावर पहिल्या सेकंदांत किती हवा बाहेर पडते, तें हें यंत्र मोजतें. मग साल्ब्युटामॉलचे चार झोत, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम औषध, ओढावयास देऊन पंधरा मिनिटांनीं तीच परीक्षा पुन्हां घेतात. निदान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढ झाली तर प्रतिसाद मिळाला, असें पुष्कळ वर्षें चालत आलेलें परिमाण आहे. काकूंची वाढ भरली ९० मिलिलिटर. कागदावर शेरा पडला : 'लक्षणीय प्रतिसाद नाहीं.'

पुतण्या इंजिनियर. त्यानें शेरा वाचला आणि पंप कोनाड्यांत ठेवून दिला. पंपाची संवय लागते, असें काकूंनीं कोठेंसें ऐकलें होतें. त्यांनाही बरेंच वाटलें. पंधरा दिवसांनीं त्याची पत्नी त्याला म्हणाली, "अहो, आंकडे मला कळत नाहींत. पण पंप होता तेव्हां काकू गच्चीवरच्या तुळशीला दिवा लावावयास अकरा पायऱ्या एका दमांत चढत. आतां त्या वर येतच नाहींत."

सून आणि शेरा ह्यांपैकीं खरें कोण, हें विचारावयास आम्ही त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलों. डॉक्टरांनीं सांगितलें तें असें. ह्या रोगांत घेतलेला श्वास पुरता बाहेर पडण्यापूर्वींच दुसरा आंत येतो. शिळी हवा छातींत कोंडून राहते आणि चढतांना ती अधिकच कोंडते. औषधानें नळ्यांभोंवतालचे स्नायू सैलावले कीं ती थोडी बाहेर पडते व नव्या श्वासाला जागा होते. पहिल्या सेकंदाचा आंकडा फारसा हलत नाहीं, परंतु माणूस पायऱ्या चढतो. दम्यांत आंकडा पुष्कळदां उसळी घेतो. येथें ती अपेक्षाच धरूं नये. शिवाय त्याच रोग्याचा प्रतिसाद आज एक, तर महिन्यानें दुसरा येतो. एका दिवसाच्या कागदावरून औषध बंद करणें, ही पुतण्याची चूक.

उलट बाजूही डॉक्टरांनीं लपविली नाहीं. टायोट्रोपियम ह्या दिवसांतून एकदां घ्यावयाच्या औषधाची चार वर्षें परीक्षा पाहिली गेली. तिचा निकाल २००८ सालीं आला : फुप्फुसांची झीज त्यानें थांबली नाहीं, पण रोग उसळण्याचे प्रसंग कमी झाले. गंमत अशी कीं, हें औषध आपल्या धोतऱ्यांतील द्रव्याच्याच नात्यांतलें. धाप लागल्यास धोतऱ्याच्या पानांचा धूर घेण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. मात्र धोतरा विषारी. तो प्रयोग कोणीं घरीं करूं नये.

मग डॉक्टरांनीं काकूंना पंप ओढून दाखवावयास सांगितलें, आणि खरी गोम तेथें निघाली! काकू आधीं दाबीत व मागाहून श्वास घेत. निम्में औषध जिभेवरच बसे. त्यांना पंपाला जोडावयाची पोकळ नळी, जिला स्पेसर म्हणतात, ती दिली. सावकाश ओढावें आणि दहा अंक होईपर्यंत श्वास धरावा, असें शिकविलें. संवय लागण्याची भीतीही व्यर्थ ठरली.

आतां सकाळीं पुतण्याच घड्याळ घेऊन समोर बसतो आणि नातवंडें मोठ्यानें दहापर्यंत अंक मोजतात. परवां सूनबाईंचा निरोप आला : दिवा पुन्हां काकूच लावतात, सहाव्या पायरीवर एकदां टेकून.