बर्फावरचा पिवळा डाग

पांढऱ्याशुभ्र बर्फावर कुणी हळद सांडावी, तसा एक डाग कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील एल्समियर बेटावर दिसतो. त्या खिंडीचे नाव बोरुप फियोर्ड. येथून उत्तर ध्रुव सुमारे एक हजार किलोमीटरवर आहे. जवळ जावे, तर सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येते आणि बर्फातून झुळझुळणारे झरे दिसतात. डाग आहे तो गंधकाचा!

कॅनडाचे भूशास्त्रज्ञ स्टीफन ग्रॅस्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या झऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोठणबिंदूच्या आसपास तापमान असलेल्या या पाण्यात त्यांना चक्क सूक्ष्मजीव सापडले. सूर्यप्रकाशावाचून हे जीव जगतात तरी कसे? जमिनीखालच्या खडकांतून पाणी वाहताना त्यात सल्फेटचे क्षार मिसळतात. काही सूक्ष्मजीव त्यांपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. दुर्गंधी येते ती याच वायूची. पाणी वर आले, की या वायूचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पिवळे गंधक साचते. या बदलातून मिळणाऱ्या ऊर्जेवर दुसरे सूक्ष्मजीव गुजराण करतात.

पण या गोष्टीशी अंतराळ संशोधकांचा संबंध काय? गुरू ग्रहाचा युरोपा हा चंद्र बर्फाच्या जाड कवचाने झाकलेला आहे. त्याखाली खारट पाण्याचा महासागर असावा आणि त्यात पृथ्वीवरील सर्व सागरांच्या दुप्पट पाणी असावे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. युरोपाच्या बर्फावरही पिवळसर-तांबूस डाग आहेत आणि त्यांत गंधकाची संयुगे आढळली आहेत.

म्हणजे तिथे जीवसृष्टी आहे का? इतकी घाई करून चालणार नाही. युरोपाचा शेजारी आयो या चंद्रावर धगधगते ज्वालामुखी आहेत. त्यांतून उधळलेले गंधक युरोपावर सतत येऊन पडते. शिवाय सूक्ष्मजीवांच्या मदतीशिवाय, निव्वळ रासायनिक क्रियेनेही गंधक साचू शकते. डाग सारखाच, पण त्यामागचे कारण वेगळे!

खरी अडचण आहे ती इथेच. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचे 'युरोपा क्लिपर' यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाले. २०३० मध्ये ते गुरूजवळ पोहोचेल. मात्र ते युरोपावर उतरणार नाही. त्याच्या जवळून ४९ वेळा जाऊन ते वरूनच पाहणी करणार आहे. तिथे जीवसृष्टीला पोषक परिस्थिती आहे का, एवढेच त्याला तपासायचे आहे.

बोरुप फियोर्डचे मोल आहे ते यासाठी. तिथला पिवळा डाग उपग्रहातूनही टिपता येतो आणि मग प्रत्यक्ष जाऊन, बर्फ खरवडून तो तपासताही येतो. वरून दिसले ते काय आणि हाती लागले ते काय, याचा ताळा पृथ्वीवर फारच थोड्या ठिकाणी असा घालता येतो. जीवांनी साठवलेले गंधक आणि आपोआप साचलेले गंधक यांत नेमका फरक काय, याचा शोध शास्त्रज्ञ तिथे घेत आहेत. युरोपाची छायाचित्रे हाती येतील, तेव्हा डाग पाहून हुरळून जायचे की थांबायचे, हे ठरवताना बोरुपच्या थंडीत शिकलेला हा धडा त्यांच्या उपयोगी पडेल.