स्वस्त स्कूटरचा खरा हिशेब

जबलपूरच्या उत्तरेस, अधारतालच्या पुढे कटनी रस्त्यावर महाराजपूर ही वस्ती आहे. येथे राहणाऱ्या कष्टकऱ्याचे काम मात्र बहुधा दूर असते. कोणी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत जातो, कोणी खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात, कोणी वाहन निर्माणीत, तर कोणी शहरातील दुकानांत नि कचेऱ्यांत. भोसल्यांच्या काळापासून आणि पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या दिवसांत जी मराठी कुटुंबे जबलपुरात स्थायिक झाली, त्यांच्या घरांतही हाच प्रश्न आहे: कामावर जायचे कसे, आणि त्यासाठी पगारातले किती पैसे मोडायचे?

पेट्रोल लिटरमागे शंभर रुपयांपलीकडे गेल्यापासून या प्रश्नाला विजेची स्कूटर हे उत्तर दिले जाते. उत्तर चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. ‘सर्वांत स्वस्त स्कूटर कोणती?’ असे विचारीत कामगार दुकानात शिरतो आणि तेथेच फसतो. त्याने विचारावयास हवे ते हे की, बॅटरी किती वर्षे टिकेल आणि ती कोणाच्या मालकीची राहील?

साधा हिशेब पाहू. जाऊन-येऊन रोज वीस किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर सहा हजार किलोमीटर होतात. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल स्कूटरला यासाठी सुमारे १३३ लिटर पेट्रोल लागते. १०५ रुपये दराने हा खर्च वर्षाला चौदा हजारांच्या घरात जातो. तेवढ्याच अंतरासाठी विजेच्या स्कूटरला, गळती धरून, सुमारे २४० युनिट पुरतात. युनिटला आठ रुपये धरले तरी दोन हजारांच्या आत काम होते. म्हणजे वर्षाकाठी बारा हजारांची बचत. जाहिरातीत हिशेब येथेच संपतो.

कामगाराचा हिशेब मात्र येथून पुढे सुरू होतो. २०२५ च्या जुलैमध्ये हीरो मोटोकॉर्पने ‘विडा व्हीएक्स-२’ ही स्कूटर बाजारात आणली, तेव्हा एकाच गाडीच्या दोन किमती जाहीर केल्या: बॅटरीसह ९९,४९० रुपये, आणि बॅटरी भाड्याने घेतल्यास ५९,४९० रुपये, शिवाय किलोमीटरमागे ९६ पैसे. या दोन आकड्यांतील चाळीस हजारांचे अंतर म्हणजेच बॅटरी. लाखाच्या गाडीतला एवढा मोठा हिस्सा दरवर्षी झिजत जातो. बॅटरी सात वर्षे टिकली असे मानले, तर झिजेपोटी वर्षाला सुमारे पावणेसहा हजार रुपये बाजूला काढावे लागतात. पेट्रोलवर वाचलेल्या बारा हजारांतील जवळजवळ निम्मी रक्कम अशी बॅटरीच्या खात्यावर जाते. उरलेली बचत खरी. पण ती बारा हजार नव्हे, सहा हजार आहे.

भाड्याच्या बॅटरीचे गणितही असेच येते. सहा हजार किलोमीटरचे ९६ पैशांप्रमाणे ५,७६० रुपये होतात. तेव्हा भाडे म्हणजे लूटच असे सरसकट म्हणता येणार नाही. परंतु सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावे लागतील, एखादा हप्ता चुकला तर काय होईल, आणि मुदत संपल्यावर बॅटरी कोणाची? कंत्राटी कामगाराचे काम दोन महिने सुटले, तर गाडी दारात उभी राहील. भाडे मात्र चालूच राहील.

दुसरे आमिष हळू धावणाऱ्या स्वस्त गाडीचे. अडीचशे वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत धावणारी गाडी परवाना व नोंदणीविना चालविता येते. वस्तीतल्या वस्तीत, बाजारहाटासाठी ती पुरेशी आहे. पण कटनी रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत त्या वेगाने जाणे जिवावर बेतणारे आहे. शिवाय अशा अनेक गाड्यांत शिसे-आम्लाची बॅटरी असते. ती दीड-दोन वर्षांत मान टाकते आणि स्वस्ताई तिच्याबरोबर संपते.

बॅटरी लिथियमचीच घ्यावी. आणि जबलपूरचा कडक उन्हाळा ध्यानात घेता, लोह-फॉस्फेट प्रकारची मिळाल्यास उत्तम, कारण ती उष्णता अधिक सोसते. २०२२ साली देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटरांना आगी लागल्या, माणसे दगावली; त्यानंतर डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत बॅटरीच्या सुरक्षिततेचे कडक निकष लागू झाले. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने ती केव्हाची आहे, हे आधी पाहावे. रोज वीस किलोमीटर जाणाऱ्याला दोन-अडीच युनिटांची बॅटरी पुरते. मोठ्या बॅटरीसाठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

तितकाच महत्त्वाचा प्रश्न दुरुस्तीचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला इलेक्ट्रिकला नोटीस बजावली. वर्षभरात तिच्याविरुद्ध १०,६४४ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. बहुतेक तक्रारींचे निवारण केल्याचे कंपनीने सांगितले. तथापि ज्याची गाडी पंधरा दिवस दुरुस्तीला पडते, त्याचा पंधरा दिवसांचा रिक्षाखर्च कोणी भरून देत नाही. सबब, ज्या कंपनीची कार्यशाळा शहरात आहे आणि जिच्याकडे सुटे भाग मिळतात, तिची गाडी पाच हजारांनी महाग असली तरी अखेरीस स्वस्त पडते.

आता सरकारच्या वाट्याकडे पाहावे. जून २०२१ मध्ये केंद्राचे अनुदान बॅटरीच्या दर युनिट क्षमतेमागे पंधरा हजार रुपये होते. जून २०२३ मध्ये ते दहा हजार झाले, एप्रिल २०२४ मध्ये पाच हजार आणि एप्रिल २०२५ मध्ये अडीच हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये साध्या पेट्रोल स्कूटरवरील वस्तू-सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीवरील ५ टक्के कर तसाच राहिला. म्हणजे दोहोंच्या किमतींतील अंतर पुन्हा वाढले. आरंभीचे उदार अनुदान ज्यांच्या हाती रोख पैसा होता त्यांनी घेतले. हप्त्यांवर जगणारा कामगार बाजारात येईतो ते आटले.

याहून मूलभूत गोष्ट अशी की, कामगाराला स्कूटर घ्यावी लागते ती हौसेने नव्हे. पाळीच्या वेळेला वस्तीतून कारखान्याकडे नेमाने जाणारी बस असती, तर लाखाचे कर्ज त्याने डोक्यावर घेतले नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये मदनमहाल ते दमोहनाका हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल खुला झाला. २०२३ च्या केंद्रीय ई-बस योजनेत देशासाठी दहा हजार बसगाड्या ठरल्या आणि त्या यादीत जबलपूरचेही नाव आहे. पूल वाहनधारकासाठी असतो, बस सर्वांसाठी. या बसगाड्या पाळीच्या वेळा पाहून महाराजपूर-रिछाई-खमरिया अशा मार्गांवर धावतात की नाही, हीच योजनेची कसोटी.

तोवर ज्याला स्कूटर घेणे भागच आहे, त्याने किंमत गाडीची नव्हे तर बॅटरीची करावी, हमी लेखी घ्यावी, आणि शक्यतो चारजणांनी मिळून दुकानात जावे. कारखान्याच्या वाहनतळावर चार्जिंगची सोय आणि भाडेकरूला घरात वेगळा प्लग मिळणे, या मागण्या कामगार संघटनांनी हाती घ्याव्यात. एकट्याने घासाघीस करून हजार-पाचशे सुटतात. संघटितपणे मागितले तर रोजचा प्रवासच स्वस्त होऊ शकतो.