मायेला शिकवणी

इस्पितळातून रोगी घरी आला की पेढ्यांचा पुडा सुटतो. खरी परीक्षा मात्र तेथूनच सुरू होते. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाचा एक हात लुळा असतो, जीभ जड असते. आणि इस्पितळात तीन पाळ्यांतल्या परिचारिका जे पाहत होत्या, ते सारे सूनबाईंच्या अंगावर येऊन पडते. मग ब्यूरोला फोन होतो, बारा तासांची एक बाई येते, आणि सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणू लागतात.

ही बाई बहुधा कष्टाळू असते. अंग पुसणे, कपडे बदलणे हे ती नेटके करते. पण जनरल नर्सिंगचा तीन वर्षांचा अभ्यास करून नर्सिंग कौन्सिलात नाव नोंदवलेली परिचारिका निराळी. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच टांगायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाडाशी आलेली लाली बोटाने दाबून फिकी पडते की नाही ते पाहायचे आणि न पडली तर सावध व्हायचे, ही नजर शिकूनच येते. अशी परिचारिका चोवीस तास ठेवणे आपल्या खिशाला झेपत नाही, हे खरे. पण आठवड्यातून दोनदा येऊन तिने रोग्याला तपासावे, बाईला आणि घरच्यांना शिकवावे, एवढे पुष्कळांना जमण्यासारखे आहे. १८५९ साली लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने, पत्नीच्या अखेरच्या आजारात घरी आलेल्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला पुढे गरिबांच्या घरोघर पाठवले, तेव्हा आरोग्याचे नियम शिकवणे हाही तिच्या कामाचा भाग होता.

शिकवणीची खरी गरज असते ती आपल्या मायेला. आडवे पडलेल्या रोग्याला प्रेमाने पाणी पाजतो ते आपणच. आणि तेच पाणी श्वासनलिकेत उतरते. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढतो आणि त्याचा खांदा दुखावतो, तेही आपणच. आमच्या एका स्नेह्यांकडे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, “आजोबांना भरवता कशाला?”

“अहो, सांडतात ना ते!” आजी म्हणाल्या.

“सांडू द्या. हात वापरला नाही, तर तो कामाला येणार कसा?”

आजींना हा उद्धटपणा वाटला. पन्नास वर्षे ज्यांना गरम पोळी वाढली, त्यांनी चमच्याशी झटापट करायची आणि आपण नुसते बघत बसायचे?

मराठीच्या मास्तराला येथे शब्द आठवल्यावाचून राहत नाही. शुश्रूषा या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ मागाहूनचा. आणि चरकाने परिचारकाचे चार गुण सांगितले, त्यांत उपचारांचे ज्ञान पहिले, दक्षता दुसरी. प्रेमाचा नंबर तिसरा लागतो, चौथी स्वच्छता. आजींना हे सांगण्याची माझी छाती नव्हती. ते काम त्या बाईंनी चमच्याच्या दांड्याला फडके गुंडाळून, तो जाड करून केले.

आता त्या घरात आजोबांच्या ताटाखाली जुने वर्तमानपत्र पसरलेले असते. निम्मे वरण त्यावरच जाते. आजी शेजारी बसतात, दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून.